आईची भाषा, सासूचे पैसे आणि बी.ए.ची तयारी

बेळगाव-खानापूर भागात आर्ट्स घेतलेल्या पोराला नातेवाईक एकच विचारतात, "केएएस, म्हणजे कर्नाटकची प्रशासकीय परीक्षा, करणार की बी.एड.?" तिसरं कारण त्यांना सुचत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकीने पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) एचईपीएस घेतलं, म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र, तेव्हा घरात कुणी फार बोललं नाही. मार्क बेताचे असणार, असं ज्याने त्याने मनाशी ठरवून टाकलं. सेकंड पीयूसीला चांगले मार्क पडले आणि तरीही "मला समाजशास्त्रच शिकायचंय" म्हणाली, तेव्हा मात्र फोनाफोनी सुरू झाली. मला आला तो तिच्या आईचा. "तू टीचर आहेस, तूच सांग तिला." काय सांगायचं ते काही बोलली नाही.

मी म्हटलं, सुट्टीत माझ्याकडे पाठव.

आली ती मोबाईलमध्ये पुस्तकांची भलीमोठी यादी घेऊनच. युनिव्हर्सिटीत जाण्याआधी काय काय वाचलेलं असावं, याची. मार्क्स, वेबर, दुर्खीम, फूको. मी तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवते आणि एम.ए. मी बाहेरून केलंय, तेव्हा माझा अधिकार किती ते मला ठाऊक आहे. पण याद्या बाजूला ठेव, असं मी तिला सांगितलं. याद्या पहिल्या वर्षी प्राध्यापक देतातच. इंग्रजीचंही तसंच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले सहा महिने जड जातं, मग जमतं. आमच्या मुलांना लहानपणापासून तीन भाषांत वावरायची सवय असते, चौथ्या तऱ्हेचं इंग्रजी त्यांना भिववत नाही. शिवाय कर्नाटकच्या हायस्कुलात समाज विज्ञानाच्या पुस्तकात इतिहास-भूगोलाबरोबर समाजशास्त्राचाही वेगळा विभाग असतो. पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मावसभावाने हा विषय अकरावीपर्यंत पाहिलेला नसतो. एवढा एक फायदा सरकारने आपण होऊन दिलेला आहे, तो घ्यावा.

खरी अडचण निराळीच आहे. सीमाभागातल्या मुलाला समाजाबद्दल प्रश्न पडायच्या आत उत्तरं मिळालेली असतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत काय झालं, कुणी केलं, कुणाचं चुकलं, हे त्याला मुंज किंवा बारशाच्या पंगतीतच कळतं. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यायला सांगितली, महाराष्ट्र आज ८६५ गावांवर हक्क सांगतो, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. हे आकडे इथली पोरं पाढ्यांसारखी म्हणतात. पलीकडच्या गल्लीत कन्नड घरातल्या मुलालाही त्याची उत्तरं तशीच घरपोच मिळालेली असतात. दिल्ली-पुण्याच्या मुलाला समाजात रस निर्माण करावा लागतो. आमच्याकडे रस जन्मजात असतो, पण तो बाजू घेऊनच येतो. मला ही बाजू सोडायला लावायची नव्हती. बाजू नसलेली माणसं समाजशास्त्र चांगलं करतात यावर माझा विश्वास नाही; ती बहुधा कंटाळवाणं करतात. पण आपली बाजू कशावर उभी आहे हे खाली वाकून बघायची सवय तरी हवी. तयारी म्हणून मी तिला जे करायला लावलं ते एवढ्यासाठीच.

पहिलं काम वंशावळीचं. मोठा कार्डशीट घे, पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा. मानवशास्त्रवाले अशीच काढतात. तिला वाटलं अर्ध्या तासात होईल. आजोबांच्या पिढीला पोचली आणि अडकली, कारण माझी वहिनी, तिची मामी, गोकाककडची आहे. वहिनीच्या माहेरी कन्नड. वहिनीच्या आईचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालेलं. कागदावर रेघ वरच्या पिढीतून खालच्या पिढीत तिरकी जायला लागली तेव्हा भाचीने पेन्सिल ठेवली. "मावशी, हे कसं चालतं?"

आपल्यात मामाच्या मुलीवर हक्क सांगतात. तिच्या बापाच्या पिढीपर्यंत तशी लग्नं झालेली आहेत, त्यात तिला काही वावगं वाटत नाही. पण भाची म्हणजे लेकीच्या जागी. तेच कर्नाटकात कितीतरी जातींत मोठ्या बहिणीची मुलगी करून घेणं ही रीतच आहे, घरची पोर घरात राहिली म्हणून कौतुक होतं. आणि उत्तरेकडच्या माणसाला आपलं मामाच्या मुलीचं ऐकूनच घेरी येते. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी १९५३ साली नातेसंबंधांवरून भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे मांडले. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात, कर्नाटक दक्षिणेच्या. म्हणजे आमच्या घराच्या पडवीतूनच एक सीमा गेलेली होती आणि तिचा सत्तर वर्षांच्या भांडणात कुणी उल्लेख केला नव्हता. भाचीला मजा आली. तिने मग शेजारच्या तीन घरांच्या वंशावळी काढल्या. त्यात एका मराठी घरातही तसलंच तिरकं लग्न सापडलं आणि एका कन्नड लिंगायत घरात "आमच्यात असलं चालत नाही" असं तिला ठणकावून सांगण्यात आलं. पट्टा मांडणं सोपं, पट्ट्यात माणसं बसवणं अवघड, हे तिचं तिला दिसलं. मी काही बोलले नाही. (बोलायचा मोह झाला होता. शिक्षकी पेशाची खोड.)

कर्वे आणि म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास हे दोघेही मुंबईला घुर्यांचे विद्यार्थी. गोविंद सदाशिव घुर्ये मूळचे मालवणचे, म्हणजे आंबोलीचा घाट उतरला की आलंच. मालवणच्या मास्तरांच्या हाताखाली एक मराठी आणि एक म्हैसूरकर शिकतात आणि भारतातली समाजशास्त्राची अर्धीअधिक वाट त्यांनी चाललेली असते, ही गोष्ट आमच्या भागातल्या मुलांना मुद्दाम सांगावी अशी आहे. श्रीनिवासांचं आणखी एक मी तिला सांगितलं. १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहून त्यांनी केलेल्या अभ्यासाची, पुढे वर्षानुवर्षं खपून तयार केलेली टिपणं १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाली. तिन्ही प्रती एकाच खोलीत होत्या. मग त्यांनी त्या गावाबद्दल आठवणीतून लिहिलं. भाचीने त्यावर लगेच विचारलं, "मग आठवणीतलं खरं कशावरून?" हा प्रश्न मला त्या आख्ख्या यादीपेक्षा मोलाचा वाटला.

दुसरं काम आकड्यांचं, आणि तिथे मला स्वतःचं काही सांगण्यासारखं होतं. २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. फेब्रुवारी महिना, गळ्यात ओळखपत्र, काखेत तक्त्यांची बॅग, आणि दारोदार. गाव आणि घर सांगणार नाही. जनगणनेत दिलेली माहिती कायद्याने गुप्त असते. पण मातृभाषेचा रकाना आला की आमच्या भागातल्या घरात हवा बदलते, एवढं सांगायला हरकत नाही. तोवर चहा पुढे करणारा घरमालक खुर्ची पुढे ओढून बसतो. तुम्ही काय लिहिताय ते बघतो.

सूचना स्पष्ट होती. माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी ज्या भाषेत बोलत होती ती त्याची मातृभाषा. आई लवकर गेली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. मुलगा कुठल्या शाळेत जातो, घराण्याची भाषा कुठली, सातबारा किंवा पहाणी कुठल्या लिपीत आहे, याच्याशी त्या रकान्याचा संबंध नाही. आणि माणूस जे सांगेल ते लिहायचं, आपण शहाणपणा करायचा नाही. आता सून बैलहोंगलची, नवरा मराठी, पोरगं अडीच वर्षांचं. नवरा म्हणतो, "पोराचं मराठी लिहा, आमच्यात मराठीच." सून आतून म्हणते, "मी त्याच्याशी कन्नड बोलते की." सासू म्हणते, "दोन्ही लिवा." रकान्यात एकच बसते. इतर येणाऱ्या भाषांचा रकाना वेगळा, तिथे आणखी दोन लिहिता येतात, पण भांडण त्या रकान्यावरून कधीच होत नाही.

भाचीला मी विचारलं, अशी घरं किती असतील? ती म्हणाली, थोडी. मी म्हटलं, तुझ्या वंशावळीत बघ. तिने पाहिलं. मग म्हणाली, "पण मावशी, सगळा वाद तर याच टक्क्यांवर चाललाय." खेडं हा घटक धरा, भाषिक बहुसंख्या पाहा, सलगता पाहा, लोकेच्छा पाहा, ही महाराष्ट्राची मागणी, १९५१ सालच्या जनगणनेचे आकडे दोन्हीकडचे वकील वापरतात. ते आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. हजार घरांत चार घरं इकडची तिकडे झाली म्हणून बहुमत फिरत नाही, आणि इथल्या मराठी माणसाचा न्यायाचा प्रश्न त्यामुळे लहान होत नाही. पण टक्क्याच्या मागे कुणीतरी शिक्षक दारात उभा होता, त्याला एक वाक्य विचारायला सांगितलेलं होतं, आणि समोरचा ते वाक्य ऐकून उत्तर देत नव्हता तर त्याचा परिणाम काय होईल ते ओळखून देत होता. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. या वेळी जातही विचारणार. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी आमच्यासारख्या शिक्षकांनाच मोबाईल घेऊन पाठवलं होतं, तेव्हा जातीच्या रकान्यापाशी खुर्च्या पुढे ओढल्या जाताना मी पाहिल्यात. तिला म्हटलं, शक्य झालं तर एखाद्या प्रगणकाबरोबर चहाला बस. संख्याशास्त्राचा पेपर त्यानंतर वाच.

तिसरं काम चंदगडचं. ते ठरवून काढलं नव्हतं, बसमध्ये सुचलं.

माझी थोरली बहीण चंदगड तालुक्यात दिलेली. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बाकी जिल्हा म्हैसूरला गेला आणि हा एक तालुका मुंबई राज्यात राहिला. म्हणजे आमच्या आजीच्या लग्नात एकाच जिल्ह्यात असलेली दोन गावं आज दोन राज्यांत आहेत. हिंडलगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची झालं की शिनोळी, तिथून महाराष्ट्र. बोली तीच, देव तेच, भाताची लावण तीच. कर्नाटकच्या बसमध्ये ११ जून २०२३ पासून बायकांना राज्याच्या हद्दीत तिकीट नाही. महाराष्ट्राच्या एसटीत त्याच वर्षी मार्चपासून अर्धं तिकीट. भाची आणि मी आधारकार्ड दाखवून फुकट निघालो आणि थोरलीला येताना अर्धं तिकीट पडतं, यावर तिच्या घरी पोचल्या पोचल्या आमचं यथेच्छ भांडण झालं.

भांडणातून पैशांचं निघालं. धाकटीच्या घरी कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात. थोरलीच्या घरी लाडक्या बहिणीचे दीड हजार. इकडे जास्त, असं म्हणून धाकटीच्या लेकीने विषय संपवला असता. पण थोरलीची सून फटकन म्हणाली, "तुमच्याकडं सासूला मिळतात. आमच्याकडं मला मिळतात." आणि खरंच तसं आहे. गृहलक्ष्मी रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डापुरती घरातली सर्वांत वडील बाई ही कुटुंबप्रमुख. म्हणजे बहुतेक घरांत सासू. लाडकी बहीण २१ ते ६५ वयाच्या, अटीत बसणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यावर. एकाच पाण्याच्या, एकाच नात्यातल्या दोन घरांत सरकारने पैसे दिले, आणि कुणाच्या खात्यात दिले एवढ्या फरकाने स्वयंपाकघरातलं वजन इकडचं तिकडे झालं. की झालं नाही? सासूच्या खात्यातले पैसे एटीएममधून काढून आणतं कोण? सुनेचे पैसे खर्चतं कोण? दोन हजारांत नातवाची फी भरणारी सासू आणि दीड हजारांतले हजार नवऱ्याच्या हातावर ठेवणारी सून, दोन्ही मी पाहिल्यात.

भाचीचे डोळे चमकले. "मावशी, हा तर प्रयोगच झाला. रेघेच्या इकडे एक औषध, तिकडे दुसरं." तिला अर्थशास्त्राच्या तासाला कुणीतरी असल्या नैसर्गिक प्रयोगांबद्दल सांगितलेलं होतं. मलाही ती कल्पना आवडते, आणि माझं ठाम मत आहे की बेळगाव-चंदगड, निपाणी-कागल, अथणी-जत असल्या जोड्यांवर इथल्या मुलांनी काम केलं तर दिल्लीतल्या मुलांना हेवा वाटेल. पण रेघ कुणी नाणं उडवून मारलेली नव्हती. चंदगड वगळला तो तिथे मराठी माणूस एकवटलेला होता म्हणूनच. पुढे सत्तर वर्षं तिकडे काजू वाढला, पोरं मुंबई-पुण्याला गेली. इकडची बेळगाव-गोव्याकडे गेली. तिकडची सून धीट आहे ती खात्यामुळे की दहा वर्षं मुंबईत राहून आली म्हणून, हे दोन घरांवरून कळणार नाही. तिने वहीत लिहून घेतलं: आधी काय वेगळं होतं, नंतर काय वेगळं झालं. दोन उभे रकाने. मी म्हटलं, या वहीच्या दोन प्रती कर, आणि एका खोलीत ठेवू नकोस.

एवढं झाल्यावर जे व्हायचं तेच झालं. गावाकडे परतल्यावर जेवताना तिने आपल्या मोठ्या काकांना विचारलं, "काका, तुम्ही दर एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला जाता, मग नातवाला इंग्लिश मीडियमला का घातलंत?" ताटावर शांतता. काका पंचेचाळीस वर्षं महाराष्ट्र एकीकरण समितीच्या, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्यांच्या, प्रत्येक मेळाव्याला गेलेले गृहस्थ. एक नोव्हेंबर हा कर्नाटकाचा स्थापनादिन, समिती तो काळा दिन म्हणून पाळते. त्यांनी घास खाली ठेवला. "तू आमच्यातली की त्यांच्यातली?"

रात्री फोनवर ती रडवेली झाली होती. तिच्या आईचं म्हणणं, हे शिकायला पाठवताय का पोरीला, घरच्यांना टोचून बोलायला? मला प्रश्न बरोबर वाटला. माझ्या शाळेचा पट दरवर्षी उतरताना मी पाहते आणि मुलं कुठे जातात ते मला दिसतं. मोर्चातल्या पुढच्या रांगेतल्यांचीही. पण विचारायची तऱ्हा वकिलाची होती. हॉवर्ड बेकर नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आपल्या अनुभवातून सांगत की माणसाला "का केलंत" विचारलं की तो सफाई देतो, "कसं झालं" विचारलं की गोष्ट सांगतो. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या बाईला हे माहीत असतं. मोडलेल्या लग्नाची चौकशी ती कधी "का मोडलं" अशी करते का?

आणि तिला मी निपाणीचं सांगितलं. बाहेर निपाणी म्हटलं की सीमाप्रश्न. पण १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी तिथे हमरस्ता अडवून बसले आणि एप्रिलमध्ये गोळीबारात बळी गेले, ते भाषेसाठी नव्हते. तिथल्या वखारींत तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली, तिचा अभ्यास छाया दातारांनी केला. त्या बायकांना मालक मराठी आहे की कन्नड यापेक्षा मजुरी किती आणि खोकला कधी थांबणार हे आधी सुचत असणार. आपण "आम्ही मराठी" म्हणतो तेव्हा त्यात वखारीतली बाई असते, वखारवालाही असतो, आणि मेळाव्यात माइक कुणाच्या हातात असतो ते सगळ्यांना माहीत आहे. काकांच्या हातात तरी तो कधी आला?

चारेक दिवसांनी ती पुन्हा काकांपाशी गेली. या वेळी वही घेऊन, चहा घेऊन. विचारलं, "काका, नातवाची शाळा कशी ठरली?"

काका दीड तास बोलले. मराठी शाळेत चार वर्गांना मिळून एकच टीचर उरली होती, दुसऱ्यांची बदली झाली ती जागा भरलीच नाही. इंग्लिश शाळेची व्हॅन दारात येते. सुनेच्या बहिणीची पोरं तिकडेच होती आणि सून म्हणाली होती की माझं पोर मावसभावंडांसमोर गप्प बसलेलं मला चालणार नाही. मुलगा बेंगळुरूला कंपनीत आहे, तिथे त्याला मराठीचा काही उपयोग झाला नाही, कन्नडचा थोडा झाला. काकांना ठरवताना कुणी विचारलंच नव्हतं. फॉर्मवर सही करायला गेले तेव्हा आईबापाची लागते म्हणून परत पाठवलं. फी मात्र पहिल्या वर्षी त्यांनीच भरली, उसाच्या बिलातून. हे सगळं सांगताना ते एकदाही समितीबद्दल बोलले नाहीत, आणि उठता उठता म्हणाले की येत्या एक नोव्हेंबरलाही मी जाणार आहे, ते पण लिही.

तिने लिहिलं. मग, बोलणाऱ्याचं नाव घालू नये असं युनिव्हर्सिटीत शिकवतात हे मी सांगितलं होतं त्याप्रमाणे, ती काकांना म्हणाली, "काका, यात तुमचं नाव घालणार नाही हां. दुसरं काहीतरी लिहीन."

"का?" काका भडकले. "नाव घाल. मी काय चोरी केलीय?"

आता ती मला विचारते आहे की माणूस स्वतः नाव घाल म्हणाला तर घालायचं का, आणि नातवाचं काय, सुनेचं काय, त्यांना कुणी विचारलंय. धारवाडचा फॉर्म भरायचाय, कोल्हापूरचाही भरून ठेवू म्हणते. मी म्हटलं, भर दोन्ही, आणि हा प्रश्न जिथे ॲडमिशन मिळेल तिथल्या मास्तरांना पहिल्याच दिवशी विचार. ते काय म्हणतात ते मलाही कळव.